शस्त्रक्रियेनंतरची पाच वर्षे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, टाके निघाले, रुग्ण स्वतःच्या पायांनी चालू लागला आणि घरी जाण्याचा दिवस उजाडला, म्हणजे त्या घरातील एखादे जाणते माणूस डॉक्टरांना बाजूस घेऊन हलक्या आवाजात जो प्रश्न विचारते, तो सर्वत्र एकच असतो: हे दुखणे पुन्हा उलटणार तर नाही ना? खानापूर तालुक्यातून बेळगावला, मिरजेला, चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीला किंवा थेट मुंबईला परळपर्यंत इलाजासाठी गेलेल्या कुटुंबांना या प्रश्नाची उत्तरे बहुधा दोन तऱ्हेची मिळतात. ‘सगळे काढून टाकले आहे, आता काळजी नको’ हे एक. आणि ‘पुढचे कोणाच्या हाती आहे?’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने रुग्ण निर्धास्त होऊन पुढच्या तपासण्या सोडून देतो आणि दुसऱ्याने तो हताश होऊन सोडून देतो. रोग उलटण्याचा संभव कोणाला किती, याचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज आज करता येतो. त्यासाठी लागणारी मुख्य सामग्री महागही नाही. आणि तरीही ती आपल्या भागातील रुग्णाच्या पदरात पडत नाही, याचा दोष विज्ञानाच्या अपुरेपणाकडे जात नसून आपल्या व्यवस्थेच्या हेळसांडीकडे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंदाज करावा लागतो तो मुळात का, हे आधी पाहू. शस्त्रक्रियेत आतड्याचा रोगट भाग, त्याच्या दोहो बाजूंचा काही निरोगी भाग आणि त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांलगतच्या लसिका ग्रंथी एवढे सारे काढले जाते. डोळ्यांना दिसणारे आणि हातांना लागणारे त्यात निघून जाते. परंतु शेत उभे-आडवे नांगरून, धसकटे वेचून स्वच्छ केल्यावरही हरळीचे एखादे काडे मातीखाली राहून जावे आणि पहिल्या पावसानंतरच त्याची जाणीव व्हावी, त्याप्रमाणे काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तावाटे वा लसिकावाटे निसटून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही सीटी स्कॅनला दिसत नाहीत. अशा वेळी जे शरीरात राहिले त्याविषयीची साक्ष जे बाहेर काढले त्याच्याकडूनच घ्यावी लागते, आणि ती साक्ष घेणारा मनुष्य म्हणजे विकृतिशास्त्राचा डॉक्टर, ज्याचे नाव रुग्णाला बहुधा ठाऊकही नसते.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स नावाच्या अशाच एका विकृतिशास्त्रज्ञाने १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची अ, ब, क अशी प्रतवारी प्रसिद्ध केली. गाठ आतड्याच्या भिंतीतच असेल तर अ, भिंत ओलांडून बाहेर आली असेल तर ब, आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली असेल तर क. सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी यांखेरीज दुसरे कोणतेही महागडे साधन हाती नसताना, या तीन अक्षरांनी रुग्णाच्या भवितव्याविषयी त्यापूर्वीच्या सर्व तर्ककुतर्कांपेक्षा अधिक सांगितले. पुढे फ्रान्समध्ये पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात गाठीची खोली, ग्रंथींची बाधा आणि दूरचा प्रसार अशा तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवण्याची जी पद्धत बसवली, तीच आज टीएनएम या नावाने जगभर रूढ आहे. रुग्णाच्या फाईलमध्ये टी-३, एन-१ अशी जी गूढ अक्षरे आढळतात ती याच पद्धतीची होत.

या अक्षरांच्या मागे एक साधी मोजणी असते आणि तिच्याविषयी मला येथे जरा विस्ताराने लिहावयाचे आहे. कारण सारा अंदाज तिच्यावर उभा आहे. काढलेल्या आतड्याला चिकटलेल्या चरबीतून लसिका ग्रंथी शोधून काढाव्या लागतात. त्यांतील कित्येक मसुराच्या दाण्याहून लहान असतात. बोटांनी चरबी चाचपून, कापून, एकेक वेगळी करून त्या तपासाव्या लागतात, आणि हे काम कंटाळवाणे, वेळखाऊ व कोणाच्याही कौतुकाला पात्र न होणारे असे आहे. किमान बारा ग्रंथी तपासल्या गेल्या पाहिजेत, असा संकेत आज सर्वमान्य आहे. चारच ग्रंथी सापडल्या आणि चारही निर्दोष निघाल्या, तर ‘ग्रंथी निर्दोष’ हे वाक्य खरे असूनही विश्वासार्ह नसते, कारण पाचवी आणि सहावी कोणी पाहिलेलीच नाही. तेव्हा ज्या घरात ही शस्त्रक्रिया झाली असेल त्या घराने रिपोर्ट हाती येताच डॉक्टरांना दोन आकडे विचारावेत: ग्रंथी एकूण किती सापडल्या, आणि त्यांपैकी किती बाधित निघाल्या. हे विचारण्यास इंग्रजी येण्याची गरज नाही, भिडेचेही कारण नाही. आणि पहिला आकडा बाराहून कमी असेल, तर चरबी पुन्हा एकदा तपासता येईल काय, असे विनयाने विचारण्याचा अधिकारही रुग्णाला आहे.

या आकड्यांनी काय फरक पडतो? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतील सहा चाचण्यांमधील १२,८०० हून अधिक रुग्णांचा हिशेब एकत्र मांडण्यात आला. हे सारे रुग्ण ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेले, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील होते आणि सर्वांना शस्त्रक्रियेनंतर केमो दिलेली होती. त्यांपैकी ज्यांच्या एक ते तीनच ग्रंथी बाधित होत्या आणि गाठ फार खोल गेलेली नव्हती, त्यांतील शंभरापैकी सुमारे ८३ जण तीन वर्षांनंतर रोगमुक्त हयात होते. ज्यांच्या चार वा अधिक ग्रंथी बाधित होत्या किंवा गाठ आतड्याच्या बाह्य आवरणापलीकडे गेली होती, त्यांच्यात हेच प्रमाण ६३ च्या आसपास होते. एकाच टप्प्याच्या नावाखाली मोडणाऱ्या दोन माणसांच्या भवितव्यात एवढे अंतर असू शकते. त्याच अभ्यासातून हेही दिसले की पहिल्या, कमी जोखमीच्या गटातील रुग्णांना कॅपेसिटाबिन गोळ्या आणि ऑक्झालिप्लॅटिन यांचा तीन महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या उपचाराइतकाच पुरेसा ठरतो.

तीन महिने की सहा, हा प्रश्न खानापुरात केवळ वैद्यकीय राहत नाही. ऑक्झालिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, थंड पाणी सोसवत नाही. आणि सहा महिन्यांच्या उपचारात जवळजवळ निम्म्या रुग्णांना हा त्रास लक्षणीय प्रमाणात झाला, तर तीन महिन्यांच्या उपचारात सहा-सात जणांमागे एकालाच झाला. आषाढाच्या झडीत दिवसभर चिखलात उभे राहून भाताची रोपे लावणाऱ्या बाईच्या पावलांना जाणीव उरणार की नाही, हे ज्या एका निर्णयावर अवलंबून आहे, तो निर्णय ग्रंथींच्या मोजणीवर अवलंबून आहे. म्हणूनच या अंदाजाला मी पांडित्याचा विषय मानत नाही. ज्याला जोखीम अधिक त्याला पुरा इलाज मिळावा आणि ज्याला कमी त्याला अकारण यातना व कर्ज यांतून सुटका मिळावी, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ आहे.

ज्यांच्या ग्रंथी निर्दोष निघाल्या परंतु गाठ भिंतीत खोल गेली होती, त्या दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांचा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण त्यांच्यातील बहुतेकांना शस्त्रक्रियाच पुरते आणि केमोचा लाभ थोड्यांनाच होतो. पोट फुगून आतडे पुरते बंद पडल्यावर किंवा फुटल्यावर जिची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली अशी गाठ, रक्तवाहिन्यांत वा मज्जातंतूंच्या आवरणात शिरलेली गाठ, बारांहून कमी ग्रंथी तपासलेला रिपोर्ट, ही येथील वाढीव जोखमीची चिन्हे होत. याखेरीज गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनांची रंगचाचणी केली असता पेशींची जनुकीय दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेली आहे किंवा कसे, ते कळते. ती बिघडलेली असल्यास, ऐकावयास विलक्षण वाटले तरी, दुसऱ्या टप्प्यात रोग उलटण्याचा संभव कमी असतो आणि नुसत्या फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा उपयोग होत नाही. शिवाय कधी कधी हा दोष आनुवंशिक असल्यामुळे त्या रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनी वेळीच दुर्बिणीने तपासून घ्यावे, अशी सूचनाही त्यातून मिळते. एका तुकड्याच्या तपासणीने सबंध कुटुंब सावध होऊ शकते, आणि तरी ती तपासणी करवून घेण्याची आठवण कोणी करून देत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अलीकडे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी रक्त घेऊन त्यात कर्करोगाच्या पेशींतून सुटलेल्या डीएनएचे अंश सापडतात का, हे पाहण्याची पद्धत निघाली आहे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या रक्तपरीक्षेच्या आधारे निर्णय घेतलेल्या गटात १५ टक्के रुग्णांनाच केमो द्यावी लागली, नेहमीच्या रीतीने निर्णय घेतलेल्या गटात २८ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, ९३.५ व ९२.४ टक्के, राहिले. ही मोठी आशादायक गोष्ट आहे आणि ती एक दिवस बेळगावच्या सर्वसाधारण रुग्णालाही परवडावी, अशी माझी इच्छा आहे. परंतु ज्या रिपोर्टात ग्रंथींची संख्याच धडपणे लिहिलेली नाही, त्याच्या जोडीला जमीन गहाण टाकून आणलेली महागडी रक्तपरीक्षा ठेवण्यात शहाणपण नाही.

अंदाज हाती आल्यावर तो कोणाला सांगावयाचा? आपल्याकडे तो मुलाला सांगतात, जावयाला सांगतात, मुंबईच्या भाच्याला दूरध्वनीवरून सांगतात, आणि ज्या आईच्या पोटात ही गाठ होती तिला मात्र ‘आतड्याला सूज होती’ एवढेच सांगून घरी आणतात. यामागची माया मी जाणतो. परंतु वजन घटते आहे, पोटात पुन्हा कळ येते आहे, शौचावाटे रक्त पडते आहे, हे सर्वप्रथम कळणार ते तिलाच. आणि त्या चिन्हांचा अर्थच तिच्यापासून लपवून ठेवला असेल तर ती ते अंगावर काढणार, हे निश्चित. शंभरातील वीस जणांना रोग उलटतो, हे वाक्य ऐकण्यास कठीण असले तरी त्याच श्वासात शंभरातील ऐंशी जणांना तो उलटत नाही, हेही सांगता येते, आणि सांगावे. हा आकडा गटाचा आहे. त्यात आपण विसांत की ऐंशीत, हे कोणालाही सांगता येत नाही. तरीही मराठी वा कानडी, ज्या भाषेत ती बाई आपल्या घरी बोलते त्या भाषेत, घाईगर्दी न करता कोणी हे सांगितले, तर तिला ते समजते, असा माझा विश्वास आहे. खेड्यातील माणसांना जोखीम समजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दरवर्षी पावसाच्या भरवशावर भात पेरणाऱ्यांच्या हिशेबशक्तीचा अपमान करू नये.

जोखमीला काळाचेही परिमाण आहे. रोग उलटावयाचा असेल तर शंभरापैकी सुमारे ऐंशी वेळा तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांतच उलटतो आणि पाच वर्षांनंतर क्वचितच. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी व सीईए नावाची रक्तपरीक्षा, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, ठरावीक अंतराने सीटी स्कॅन आणि एका वर्षाने कोलोनोस्कोपी, असा परिपाठ असतो. सीईए हा पदार्थ १९६५ साली माँट्रियल येथील फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधून काढला. तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात रोग नसतानाही किंचित अधिक आढळतो, ही गोष्ट तंबाखूवर पोसलेल्या निपाणीच्या मुलखात प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवावी, नाही तर एका आकड्याने घरात नाहक आकांत व्हावयाचा.

या पाहणीची किंमत फुगवून सांगणेही बरोबर नाही. इंग्लंडमधील बाराशे रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काटेकोर पाहणीमुळे एकूण आयुर्मान वाढल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु रोग उलटला असता तो पुन्हा शस्त्रक्रियेने निखालस काढण्याच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण, जुजबी पाहणी झालेल्या गटात २.३ टक्के होते ते केवळ सीईए पाहणाऱ्या गटात ६.७ टक्क्यांवर गेले; आणि वारंवार सीटी स्कॅन करणाऱ्या गटात ते ८ टक्के, म्हणजे फारसे अधिक नव्हते. आमच्यासारख्या तालुक्याला याहून उपयुक्त बातमी कोणती? स्कॅनचे यंत्र जांबोटीला नेता येत नाही. रक्ताची बाटली मात्र जांबोटीहून बेळगावला पाठवता येते.

आणि येथेच आपली सारी व्यवस्था रुग्णाकडे पाठ फिरवते. आयुष्मान भारत योजनेच्या नियमांप्रमाणे रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपर्यंतच धरला जातो. पाच वर्षांची पाहणी मग ज्याची त्याने करावयाची. भीमगडच्या अरण्यातील गवाळी, पास्तोली, आमगाव अशा गावांतून पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो, तेथील रुग्णाने श्रावणातली तारीख पाळली नाही म्हणून त्याच्या बेफिकिरीला बोल लावणे हा अन्याय आहे. त्यात आपल्या सीमाभागाची जुनी विपत्ती आहेच. १९४१ च्या २८ फेब्रुवारीस परळला टाटा रुग्णालय उघडले तेव्हा खानापूर मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले, परंतु रुग्णाचे पाय मुंबईच्या वाटेने जाण्याचे थांबले नाहीत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हा त्यावर दोन्ही राज्यांत पुष्कळ बोलले गेले. पण शस्त्रक्रिया एका राज्यात, केमो दुसऱ्या राज्यात आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत छपराच्या वाशाला टांगलेले, अशा रुग्णाचे दफ्तर कोणी सांभाळावे, याविषयी कोणी एक शब्द काढला नाही. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. या रुग्णाची मुदत पाच वर्षांची आहे आणि त्यातली पहिली तीन निर्णायक आहेत.

दफ्तराचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. वर दिलेले बहुतेक आकडे परदेशी रुग्णांचे आहेत. टाटा रुग्णालयाने २०१७ साली आठशे रुग्णांचा जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ होते आणि शंभरातील १३ गाठी मुद्रिकेच्या आकाराच्या पेशींच्या, अधिक आक्रमक जातीच्या होत्या. पाश्चात्त्य देशांत रुग्ण याहून बरेच वयस्क आणि ही जात फार विरळ. दुसऱ्यांच्या आकड्यांवर आपल्या माणसांचे अंदाज बांधावयाचे, तर ते अधूनमधून आपल्या अनुभवाशी ताडून पाहिले पाहिजेत. आणि ज्या रुग्णाचे पुढे काय झाले हेच ठाऊक नाही, त्याच्याशी काय ताडणार? गुंठ्या-गुंठ्याचा फेरफार नोंदवण्याची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाचे तिसऱ्या वर्षी काय झाले, याचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील तीनशेहून अधिक खेड्यांत तिचे कार्यकर्ते स्वतः जात, चावडीवर बसत, लक्षणांविषयी लोकांशी बोलत, आणि रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयापर्यंत आणून त्याची नोंद ठेवत. जो रुग्ण आपण होऊन येईल त्याचीच नोंद करावी, ही सरकारी रीत त्यांनी मोडली, आणि ते काम बिनरस्त्याच्या, दुष्काळी मुलखात झाले.

खानापूरच्या तालुका रुग्णालयात एक नोंदवही असावी, एवढेच माझे मागणे आहे. आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्याकडे अद्यापि पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी असल्यामुळे तालुक्यातील असे रुग्ण थोडेच असणार, म्हणजे वहीही बारीकच राहील. शस्त्रक्रिया बेळगावात झालेली असो, मिरजेत असो वा मुंबईत, रिपोर्टाची प्रत तीत लावावी. ग्रंथी किती सापडल्या व किती बाधित, गाठीची खोली, आतडे बंद पडले होते काय, चार प्रथिनांची चाचणी झाली काय, आणि पुढच्या रक्तपरीक्षांच्या तारखा, एवढा तपशील लिहावा. रक्त जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन बेळगावला पाठवावे आणि निकाल आशा सेविकेच्या हाती घरी पोचवावा. त्याच भेटीत तिने रुग्णाला रोज नेमाने चालण्यास सांगावे. कारण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, ८८९ रुग्णांच्या चाचणीत केमोनंतर तीन वर्षे शिस्तीने व्यायाम करणाऱ्यांपैकी ८० टक्के पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते, तर नुसती पुस्तिका हाती दिलेल्यांपैकी ७४ टक्के, आणि हा लाभ कित्येक औषधांच्या तोडीचा आहे. जो तारखेस आला नाही त्याच्या घरी आठवड्याच्या आत कोणी तरी जावे. आणि जून ते सप्टेंबर या काळातील तारखा ठरवताना ते गाव कोणत्या नाल्यापलीकडे आहे हे आधी पाहून, मे महिन्यातच एक रक्तपरीक्षा उरकून घ्यावी.